प्रिस्काची वहिवाट

समन्स आलं तेव्हा प्रिस्का एका फ्रॉकला बाही लावत होती. तिने कोर्टाच्या माणसाला पाणी दिलं, बाही पुरी केली आणि मगच सही करून कागद घेतले. आठ-दहा पानं होती. बोट ठेवून तिने ती सगळी वाचली. तिसऱ्या पानावर तिच्याविषयी लिहिलं होतं: प्रतिवादी ही वादीच्या मालकीच्या जागेतून बेकायदेशीरपणे ये-जा करते.

ये-जा करते हे खरं होतं. छत्तीस वर्षं करत होती. लग्न होऊन आली त्या दिवशीही ती त्याच वाटेने आली होती, साडीचा काठ उचलून.

वसई गावापासून रिक्षाने दहा मिनिटांवर त्यांची आळी. तिथे प्रिस्काचं दोन खोल्यांचं कौलारू घर व्हिन्सेंटकाकांच्या केळीच्या वाडीमागे आहे. दारातून निघालं की कुंपणातल्या मोकळ्या जागेतून वाडीत शिरायचं आणि केळीच्या कडेकडेने चालत डांबरी रस्त्याला लागायचं. दोन मिनिटं. दुसरा रस्ता आहे, नाही असं नाही. तो बावखलाच्या, म्हणजे गावच्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठाने वळसा घालून जातो. पंधरा मिनिटं लागतात आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत घोटाभर चिखल असतो.

प्रिस्का पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे ख्रिस्ती मुली चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतात त्या दिवसाचे, पांढरे फ्रॉक शिवते. आसपासच्या चार गावांतल्या मुली तिच्याकडे येतात. एका फ्रॉकला तीन फेऱ्या होतात: माप द्यायला, कच्चा टाचलेला घालून बघायला आणि न्यायला. आई येते ती कडेवर धाकट्याला घेऊन आणि मुलीचा हात धरून. अशा बाईला चिखलातून वळसा घालायला सांगितलं तर ती माणिकपूरला जाऊन तयार फ्रॉक घेईल, हे प्रिस्काला सांगायला कोणी नको होतं. नवरा गेल्यावर तिचं घर त्या मशीनवर चाललं होतं, आणि मशीन त्या वाटेवर.

व्हिन्सेंटकाका चार वर्षांपूर्वी वारले. त्यांचा मुलगा रॉबर्ट आईला घेऊन माणिकपूरच्या फ्लॅटवर राहायला गेला आणि वाडी त्याने मुंबईच्या भूपेशला विकली. भूपेशला तिथे बंगला बांधायचा होता. माणूस वाईट नव्हता. पहिल्यांदा आला तो पेढे घेऊन.

"काकू, मी तुम्हाला अडवत नाही. फक्त एवढ्यावर सही करा."

कागदावर होतं, मी मालकांच्या परवानगीने आणि त्यांची मर्जी असेपर्यंत या जागेतून जाईन.

"मर्जी गेली तर?" प्रिस्काने विचारलं.

"जाणार नाही हो, काकू."

"मग लिवलंय कशाला?"

भूपेश हसला. प्रिस्काही हसली, पण सही केली नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी समन्स आलं.

शर्लिनचं ऑफिस माणिकपूरला एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर आहे. ही तिशीतली वकील प्रिस्काच्या मापांच्या वहीत कधीच नोंदलेली होती.

"माझा फ्रॉक तुम्हीच शिवला होता, आंटी. कॉलर टोचायची."

"टोचत नव्हती. तू हलायची."

शर्लिनने दावा वाचला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "हे बघा, दाव्याला उत्तर दोन तऱ्हेचं असतं. एक, 'मी केलंच नाही.' मग तुम्ही केलं, हे समोरच्याने सिद्ध करायचं. आपण गप्प बसलो तरी चालतं. दुसरं, 'होय, केलं, पण.' त्या 'पण'च्या पुढचं सगळं आपण सिद्ध करायचं."

"मग पयलं सोपं की."

"सोपं आहे. पण तुम्ही वाडीतून जात नाही, असं म्हणाल? अख्खी आळी बघते."

"छे! खोटं कशाला?"

"मग दुसरं. आणि एकदा तुम्ही 'होय' म्हटलंत की भूपेशभाईंचं अर्धं काम झालं. त्यांनी नुसतं हाताची घडी घालून बसायचं. धावपळ आपली."

प्रिस्का खुर्चीत पुढे सरकली. तिला हे नवीन होतं. "म्हंजे कोन मारायला आला आनि मी त्याला काठी घातली, तर?"

"तर 'घातली' हे कबूल करायचं, आणि 'जीव वाचवायला घातली' हे तुम्ही दाखवायचं."

"त्याने अगोदर हात उचलला, हे मी दाखवायचं?"

"हो."

"आनि कोनी बघितलंच नसेल?"

"मग कठीण."

"आनि दोन्ही म्हनता येतं? मी मारलं नाय, आनि मारलं तर जीव वाचवायला मारलं?"

शर्लिन हसली. "येतं कधीकधी. पण जज तुमच्या तोंडाकडे बघतात."

परत येताना रिक्षात प्रिस्का आळीतली जुनी भांडणं आठवत बसली आणि त्यांच्या दोन राशी घालू लागली, 'केलंच नाही'वाली आणि 'केलं, पण'वाली. बायका बहुतेक दुसऱ्या राशीत गेल्या. पुरुष भांडणात उठून बाहेरच जायचे, त्यांना कुठे घालावं ते तिला कळेना.

त्यांचं 'पण' काय, ते शर्लिनने पुढच्या भेटीत सांगितलं. वहिवाटीचा हक्क. वीस वर्षं किंवा जास्त, उघडपणे, भांडणतंट्याशिवाय, खंड न पडता आणि हक्काने एखादी वाट वापरली, तर जमीन दुसऱ्याची असली तरी जाण्याचा हक्क आपला होतो. जमीन विकली तरी तो हक्क विकला जात नाही.

वीस वर्षं दाखवायला प्रिस्काने पिशवीतून वह्या काढल्या. मापांच्या अकरा वह्या, एकतीस वर्षांच्या. तारीख, मुलीचं नाव, छाती, कंबर, उंची. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दर दिवसाआड कोणी ना कोणी. शर्लिनने पानं उलटली आणि स्वतःचं नाव सापडल्यावर थांबली. कंबर बावीस.

"यातल्या दहा बाया येतील साक्षीला?"

"दहा कशाला? चाळीस येतील. बसायला बाकं हायत ना कोर्टात?"

कैफियत, म्हणजे दाव्याचं लेखी उत्तर, द्यायला नऊ दिवस उरले होते तेव्हा शर्लिनने कच्चा मसुदा तयार केला. प्रिस्काने तोही बोट ठेवून वाचला. चौथ्या परिच्छेदावर बोट थांबलं.

"हे काढ, बाय."

"काय?"

"'कोणाचीही परवानगी न घेता.' हे खरं नाय. मी इचारायची."

शर्लिनने तिच्याकडे बघितलं. "कोणाला विचारायच्या?"

"व्हिन्सेंटकाकांना. दर वर्सी. आगेऱ्याला."

आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. ऑक्टोबरात चर्चमध्ये फादर भाताच्या लोंब्या आशीर्वादित करून देतात आणि लोक त्या घरी नेऊन लावतात. प्रिस्काची सासू त्यातल्या दोन लोंब्या व्हिन्सेंटकाकांच्या दारात नेऊन द्यायची आणि म्हणायची, यंदापण वाट राहू द्या. सासू गेल्यावर प्रिस्का नेऊ लागली. लोकांच्या वाडीतून बारा महिने जायचं आणि एकदाही तोंडातून शब्द काढायचा नाही, हे तिला शिकवलेलं नव्हतं.

शर्लिन खुर्चीत मागे टेकली. "आंटी, या एका वाक्यावर केस आहे. विचारून गेलात तर ती परवानगी. परवानगी देणारा ती कधीही काढून घेऊ शकतो. भूपेशभाईंचा तो कागद होता ना, त्यात हेच होतं. न विचारता गेलात तर हक्क."

"म्हंजे जो गुपचूप घुसतो त्याला हक्क, आनि जो इचारतो त्याला नाय?"

"गुपचूप नाही. उघडपणे. पण हो, न विचारता."

"हा कुठचा कायदा?"

"इंग्रजांच्या वेळचा."

"तरीच." प्रिस्काने मसुदा तिच्यापुढे सरकवला. "पन मी सही नाय करनार. शपथेवर लिवायचं आनि खोटं लिवायचं?"

"कोण सांगणार आहे? काका नाहीत."

"रॉबर्ट असायचा ना घरात, दहा वर्सांचा असल्यापासून बघतोय. त्याने भूपेशला सांगितलं असेल तर? आनि नसेल सांगितलं, तरी मना ठावं हाय."

शर्लिन चिडली. ती उठून खिडकीशी गेली, खालच्या रिक्षावाल्यांचा गोंगाट ऐकत उभी राहिली. मग पाठमोरीच, काहीतरी विचारायचं म्हणून विचारल्यासारखं म्हणाली, "आणि काका काय म्हणायचे? 'जा' म्हणायचे?"

"'जा' कुठे? रागवायचे. म्हनायचे, दर वर्सी काय इचारतस गो? ही वाट माझ्या आजाच्या अगोदरची हाय. माझी नाय ती तुला देऊ कशी?"

शर्लिन वळली. "हेच शब्द?"

"एखादा इकडचा तिकडे. पन दर वर्सी हेच. लोंब्या मात्र घ्यायचे."

शर्लिन खुर्चीत बसली आणि लिहायला लागली. लिहिता लिहिता बोलत होती. "तुम्ही विचारलंत. पण त्यांनी परवानगी दिलीच नाही. उलट वाट मुळात आपली नाहीच, असं मालकानेच सांगितलं. आंटी, हे 'न विचारता'पेक्षा बरं आहे. सिद्ध झालं तर."

"आनि मेलेल्या मानसाचं बोलनं कोर्ट ऐकतं?"

"सहसा नाही. पण माणूस स्वतःच्या तोट्याचं बोलून गेला असेल तर ऐकतं. स्वतःच्या नुकसानीचं खोटं कोणी बोलत नाही, असं कायद्याला वाटतं."

"बघ हां. मेल्यावर खरं ठरायला जिवंतपनी तोटा करून घ्यायला पायजे." प्रिस्काला याची गंमत वाटली. मग तिचा चेहरा उतरला. कारण शर्लिनने पुढचा प्रश्न विचारला होता: हे दुसऱ्या कोणी ऐकलंय का?

रॉबर्ट वाडी विकून बसला होता, तो आपल्या बाजूने बोलणार नव्हता. उरली एकच. तेरेसा, व्हिन्सेंटकाकांची बायको. आणि तेरेसाकाकूचं प्रिस्काशी कधीच पटलं नव्हतं. आगेऱ्याला प्रिस्का उंबऱ्यात उभी राहिली की आतून भांडी आपटल्याचा आवाज यायचा, दर वर्षी, न चुकता.

कैफियत जे घडलं तेच लिहून गेली, विचारण्यासकट. मधल्या काळात वाट बंद करायला कोर्टाने नकार दिला, म्हणून फ्रॉक चालू राहिले. पुढे साक्षींची वेळ आली, तेव्हा प्रिस्का माणिकपूरच्या फ्लॅटवर गेली. तेरेसाकाकू आता एकोणऐंशीची. पाचव्या मजल्यावर, गॅलरीत बसून लसूण सोलत होती.

"चार वर्सं झाली म्हातारा जाऊन. कधी आलीस नाय. आज वाट सापडली?"

"चुकलं, काकू."

"चुकलं म्हनायला तुला वकील लागत नाय वाटतं." तेरेसाकाकूने लसणीचं साल फुंकरलं. "रॉबर्ट म्हनतो, तू त्याला खोटा पाडतेस. जागेवर कोनाचा हक्क नाय, असं त्याने इकताना लिवून दिलंय."

"मी फक्त मी जाते एवढंच म्हनते."

"तेच ते."

प्रिस्काने लसणीची एक पाकळी सोलायला घेतली. मग हळूच म्हणाली, "आगेऱ्याला काका काय म्हनायचे, तेवढं सांगाल?"

"मना काय ते शिकवू नको. मी काय ऐकलं ते मना ठावं हाय."

"काय ऐकलं?"

"कोर्टाने इचारलं तर कोर्टाला सांगेन. तुला कशाला? लसूण घेऊन जा दोन गड्डे, ताजी हाय."

शर्लिनला हे सांगितल्यावर ती म्हणाली, म्हणजे काकू आधी काही लिहून देणार नाहीत. कोर्टाकडून समन्स काढू, त्या समोर येऊन बोलतील. काय बोलतील ते आपल्यालाही तेव्हाच कळेल.

"आनि उलट बोलल्या तर?"

"तर 'होय' आपलं आहेच. 'पण' गेलं."

आधी प्रिस्काची उलटतपासणी झाली. भूपेशचा वकील वयस्कर आणि गोड बोलणारा होता.

"तुम्ही दरवर्षी व्हिन्सेंट यांच्याकडे वाटेसाठी विचारणा करत होता?"

"होय."

"तुमच्या सासूबाईही?"

"होय. पन ते..."

"होय की नाही, एवढंच."

"होय."

वकिलाने जजकडे बघितलं, मान तुकवली आणि तो खाली बसला. भूपेश मागच्या बाकावर होता. त्याने प्रिस्काकडे थोडं ओशाळून बघितलं. प्रिस्का पिंजऱ्यातून उतरली तेव्हा तिला वाटत होतं, आपण आपल्याच हाताने वाट शिवून टाकली.

तेरेसाकाकूची साक्ष त्याच दुपारी होती. रॉबर्ट तिला सोडायला आला होता, पण आत आला नाही. खुर्ची दिली तर काकूने ती घेतली नाही. शपथ मात्र मोठ्याने घेतली.

शर्लिनने विचारलं, "आगेऱ्याच्या दिवशी तुमच्या घरी काय व्हायचं?"

"ही यायची, लोंब्या घेऊन. उंबऱ्यात उभी राहून म्हनायची, काका, यंदापन वाट राहू द्या."

"मग?"

"मग आमच्यात भांडन व्हायचं."

कोर्टात कोणीतरी हसलं. भूपेशचा वकील उठला. नवरा-बायकोतलं आपसातलं बोलणं साक्षीत सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. जजसाहेब म्हणाले, बरोबर आहे. प्रतिवादी बाईंच्या समोर, त्यांना उद्देशून यजमान काय बोलले, तेवढंच सांगा.

"आपसातलं कसलं साहेब? त्यांनी कधी आपसात काय सांगितलंय? उंबऱ्यात, हिच्या तोंडावरच बोलायचे."

"काय बोलायचे?"

"माझी नाय ती वाट तुला देऊ कशी? माझ्या आजाच्या अगोदरची हाय. दर वर्सी तेच. पुढच्या वर्सी इचारू नको, म्हनायचे. ही पुढच्या वर्सी हजर."

शर्लिन खाली बसली. भूपेशचा वकील पुढे आला, आवाज आणखी गोड करून.

"बाई, तुमच्या यजमानांनी कधी अडवलं नाही. चालू दिलं. म्हणजे त्यांची परवानगीच होती ना?"

"नाय."

"तोंडाने म्हटलं नसेल. मनातून होती."

"वकीलसाहेब, मी आत चुलीशी असायची. एक 'जा' म्हनाले असते तर वाट आमची राहिली असती, एवढी अक्कल मना होती. तो शब्द त्यांनी एवढ्या वर्सांत काढला नाय, म्हनून मी भांडी आपटायची. परवानगी दिली असती तर माझी पातेली कशाला चेपली असती?"

आता जजसाहेबही हसले आणि मग ते टाइप करणाऱ्या बाईला साक्ष सांगू लागले. पातेल्यांचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, नीट उतरावं म्हणून.

प्रिस्का बाकावर बसून राहिली होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ती भांडी आपल्यावर आपटली जातात.

बाहेर व्हरांड्यात तेरेसाकाकू चपला घालत होती. प्रिस्का तिचा हात धरायला गेली, तर तिने तो सोडवून घेतला.

"हात धरू नको. तुझ्यासाठी नाय बोलले. मेल्या मानसाबद्दल शपथेवर खोटं कोन बोलनार? आता रॉबर्ट आठवडाभर तोंड फुगवून बसेल, त्याला जेवायला वाढायला ये तू."

निकाल सात महिन्यांनी लागला. शर्लिनच्या मते हे लवकरच. प्रतिवादीने वाट वापरल्याचं स्वतः मान्य केलं आहे, अशी त्याची सुरुवात होती. ते वाचून प्रिस्काचा जीव घाबरला. मग चौदा पानं वह्यांवर, साक्षीला आलेल्या बायांवर आणि व्हिन्सेंटकाकांच्या बोलण्यावर. शेवटी असं, की वहिवाटीचा हक्क सिद्ध झाला आहे, दावा फेटाळण्यात येतो, आणि वाट आजवर जशी वापरात होती तशीच राहील.

भूपेश अपील करणार, असं आळीत आठ दिवस बोललं गेलं. त्याने ते केलं नाही. त्याने गवंडी बोलावला. बंगल्याच्या कुंपणाची भिंत घालायची होती, ती वाटेची पट्टी बाहेर ठेवून. गवंडी फीत घेऊन आला आणि त्याने निकालाची प्रत मागितली, किती फूट सोडायचे ते बघायला. त्यात फूट नव्हते. 'जशी वापरात होती तशी' एवढंच होतं.

"आता 'जशी' म्हणजे किती?" भूपेशने वैतागून विचारलं. "काकू, तुम्हीच सांगा. पण जरा बेताने."

प्रिस्का घरात गेली. त्या दिवशी एक आई आली होती, निर्मळ गावची. कडेवर वर्षाचं पोर आणि शेजारी माप द्यायला आणलेली मुलगी. प्रिस्काने तिघांनाही बाहेर आणलं आणि वाटेवर उभं केलं.

"अशीच राहा, बाय. पोर कडेवर घे. मुलीचा हात धर. नाय, पुढे-मागे नको, शेजारी शेजारी. येतीस तशी."

बाई लाजून उभी राहिली. मुलीने हात झुलवला. गवंड्याने वाकून एका बाजूला बाईच्या कोपराच्या बाहेर आणि दुसऱ्या बाजूला मुलीच्या फ्रॉकच्या घेराबाहेर चुन्याची खूण केली.

भूपेश बघत होता. "एवढीच?" त्याला बहुतेक जास्तीची भीती होती.

"एवढीच," प्रिस्का म्हणाली. "जास्त कधी वापरली नाय."